उम्म घस्सानचा होकार

कॉफी समोर येऊन बराच वेळ झाला, तरी पाहुण्यांपैकी एकानंही पेल्याला हात लावला नव्हता. मागणी घालायला आलेली मंडळी होकार मिळेपर्यंत कॉफी पीत नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते आणि माझ्या पाठीशी नवरी. नवरी म्हणजे माझी सासू, वय वर्षं अडुसष्ट.

"अगं रिहाब, काही बोलतोय का तो?" तिनं कानाशी विचारलं.

तो म्हणजे तिचा मुलगा घस्सान, माझा नवरा. बैठकीत कपाळाला आठ्या घालून बसला होता.

नाब्लुसला ती आमच्याकडे राहायला आली ती सासरे गेल्यावर. शेवटची चार वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि तिनं त्यांचं सगळं केलं होतं. मग दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामाला जाताना तिला तौफीक भेटला. सबस्तिया गावचा विधुर, जर्दाळूच्या बागेचा मालक. त्याचेही गुडघे गेलेले. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "उम्म घस्सान, घस्सानची आई म्हणतात ते ठीक, पण तुमचं स्वतःचं नाव काय?"

इतिदाल. मला स्वतःला ते आठवायला एक क्षण लागला असता.

गुडघे बरे झाले तरी दवाखाना सुटेना. डोळ्यांत सुरमा घालून निघायची. मी सासूला मावशीच म्हणायची. चिडवलं, "मावशी, व्यायाम डोळ्यांचा आहे का आता?" ती हसली नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, "त्यानं हात धरून मला जिना उतरवला. त्या रात्री त्यानं धरलेला माझा हात उशाशी घेऊन झोपले मी. हस हवं तर."

मला हसू आलं नाही.

बैठकीत तौफीकच्या गावचे म्हातारे हाजी मन्सूर पुन्हा म्हणाले, "बाळा, आम्ही मोठ्या आशेनं आलोय. तुझ्या घरचा मान आमच्या घरात राहील."

"माझी आई आजी झालीय, हाजी," घस्सान म्हणाला. "तिला इथं काय कमी आहे? उद्या बाजारातून जाताना लोक माझ्या तोंडावर हसतील. माफ करा, पण नाही."

तौफीकनं मान खाली घातली. माणसं उठायच्या बेतात होती. तेवढ्यात मला खांद्यानं बाजूला सारून सासू बैठकीत गेली. अशा वेळी बाईनं पुरुषांत येणं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

"यम्मा, आत जा," घस्सान दबक्या आवाजात म्हणाला.

"जाते. आधी ऐक. तू मला जेवायला घालतोस, औषध आणतोस, देव तुझं भलं करो. पण या घरात मला सगळे कामापुरती हाक मारतात रे. हा माणूस उगाचच हाक मारतो. मागणी मला आलीय. उत्तर मीच देणार."

मग ती पाहुण्यांकडे वळली. "प्या कॉफी. थंड झाली असेल, तरी प्या."

हाजींनी एका घोटात पेला रिकामा केला. तौफीकनं पेला इतक्या घाईनं उचलला, की निम्मी कॉफी अंगरख्यावर सांडली. आणि मी, जिनं सख्ख्या बहिणीच्या लग्नातही कधी हौसेनं तोंड उघडलं नव्हतं, दारातूनच, लग्नघरात बायका करतात तसा, जीभ वळवून असा आनंदाचा गजर केला की खालच्या गल्लीतल्या बायकांनी खिडक्या उघडून त्याला साथ दिली.

घस्सान कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. लग्नालाही आला नाही.

सासू सबस्तियात वर्षभर नांदली. मी जायची तेव्हा दोघं बागेत भांडत असायची, पाणी कुणी जास्त सोडलं म्हणून. म्हातारा तिची वेणी घालायचा, वाकडीतिकडी. ती तशीच मिरवायची.

फळं पिवळी पडायला लागली आणि एका सकाळी तौफीक बागेत पाणी देता देताच गेला.

मातमाला बसलेल्या बायकांत एकजण उसासली, "बिचारी! एवढ्याशा सुखासाठी केवढी बदनामी."

सासूनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बदनामी तुमच्याकडेच राहू दे, बाई. सुख मी घेतलंय."

तिसऱ्या दिवशी घस्सान आला. वाटेतल्या तपासणी नाक्यावर सैनिकांनी उन्हात अडवून ठेवलेला, घामानं निथळत होता. बागेच्या फाटकातच उभा राहिला.

"यम्मा, चल घरी."

"हे काय, घरीच तर आहे. फळं गळायला लागलीत. तोडणीची माणसं यायचीत अजून." तिनं शिडी झाडाला टेकवली. "आलाच आहेस तर धर जरा."

घस्साननं माझ्याकडे पाहिलं. मग कोट काढून फाटकावर टाकला, खाली बसला आणि शिडीचे पाय दोन्ही हातांनी गच्च धरले. ती चढली. मध्येच एका पायरीवर थांबून तिनं डोक्यावरचा काळा रुमाल नीट बांधला, आणि सगळ्यात वरच्या फांदीला हात घातला.