एका अक्षराचे दोन धनी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि हिवरखेडच्या कापसाला एकाएकी विलायतेचं बोलावणं आलं. गावात कुणी बैलांची शिंगं चांदीनं मढवली, कुणी गाढवासाठी छत्री घेतली. खुशालरावांना मात्र एकच ध्यास लागला : आपल्या गठ्ठ्यावर आपलं अक्षर पाहिजे.

कारण सही म्हणून सगळे कुणबी कागदावर नांगर काढत. अकोल्याच्या गोऱ्या व्यापाऱ्याकडे नांगरवाल्यांचा कापूस एकाच ढिगात पडे. खुशालरावांचा पांढराफेक कापूस आणि शेजारच्या नत्थुजींचा निम्मा पाचोळा विलायतेत सख्खे भाऊ म्हणून उतरत. ढिगाबाहेर राहायचं तर साहेबासमोर टाकानं इंग्रजी अक्षर काढून दाखवावं लागे.

व्यापाऱ्याच्या कारकुनानं, हरिहरनं, त्यांच्या नावाचा 'के' शिकवला. खाली येताना दाब द्यायचा, पोलादी टोक फाकतं, रेघ जाड होते. वर जाताना नुसतं तरंगायचं, रेघ केसासारखी.

खाली येणं खुशालरावांना लगेच जमलं. शेतात डवरा दाबणारा हात तो; पहिली रेघ कागदातून थेट सतरंजीत गेली. वर जाणं मात्र जमेना. टोक अडायचं आणि शाई मिशांवर उडायची. गावच्या कुलकर्ण्याला बोरू तासताना पाहिलेलं, म्हणून त्यांनी ते टोक विळा घासायच्या दगडावर घासलंही. त्याचं दातकोरणं उत्तम झालं.

त्यांच्या पत्नी सुभद्राबाई चरख्याशी बसून हे सगळं पाहत होत्या.

"काहून वढून राहिले असे? पेळूतून धागा येते तसा येऊ द्या ना त्याले."

त्यांनी नवं टोक लावलेला टाक घेतला आणि रेघ अलगद वर नेली. पण खाली येणारी रेघ त्यांची उपाशी दिसायची. शेवटी नवराबायकोनं कामं वाटून घेतली. सगळा उन्हाळा टाक या हातातून त्या हातात फिरला, आणि भाकरीवरही शाईची बोटं उमटली.

अकोल्यात सुभद्राबाई बाहेर बैलगाडीत बसल्या. खुशालरावांनी साहेबाच्या मेजावर जाड रेघा मारल्या, कागद-टाक उचलला आणि ते चालू लागले. कागद पळतोय म्हणून साहेब मागे धावला, साहेबामागे हरिहर. गाडीशी येऊन पाहतात तो सुभद्राबाई पदर सावरून कागदावर शेवटचा धागा काढत होत्या.

अक्षर एकाच शेतकऱ्याचं हवं, असं साहेब म्हणाला. हरिहरनं ते मराठीत सांगितलं.

"पेरतो मी, वेचते ही," खुशालराव म्हणाले. "मंग अक्षर एकट्याचं कसं?"

साहेबानं 'के' बराच वेळ पाहिला. मग तो पत्र्यात कापून घ्यायला सांगितला, गठ्ठ्यावर छापायला.

परतीच्या वाटेवर सुभद्राबाई म्हणाल्या, "पुढच्या साली माह्या नावाचं शिकू. त्यात जाड रेघ एकच हाय म्हणते हरिहर."

खुशालरावांनी बैलांना हाकारलं.

"मंग बाहेर गाडीत मी बसतो," ते म्हणाले.