कोठीवरचा बोका

ज्या दिवशी डॉक्टरांनी लक्ष्मीकांतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी लक्ष्मीकांतरावांनी कथास्पर्धेचं परीक्षकपद स्वीकारलं.

महाराजांच्या हीरकमहोत्सवाचं वर्ष होतं. बडोद्यात ज्याला त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. कोणी कमानी उभारत होतं, कोणी कुस्त्या ठेवत होतं. रावपुऱ्यातल्या एका वाचनालयाने नवोदित कथालेखकांसाठी चांदीची दौत बक्षीस ठेवली. गोष्टीवर नाव घालायचं नाही, खूण म्हणून एखादं फूल घालायचं; खरं नाव चिटणिसांपाशी. परीक्षक दोन. एक, विद्याखात्यातून निवृत्त झालेले लक्ष्मीकांतराव. दुसरे त्यांचे जुने स्नेही सुभानराव, ज्यांची सारी हयात पागेत गेली होती आणि उरलेली पुस्तकांत.

"नाना, पण डोळे?" हेरंबने वडिलांना विचारलं.

"डोळे माझे आहेत, स्पर्धा वाचनालयाची आहे. उगाच दोन्हींचा संबंध लावू नकोस. आणि बाहेर कुठे बोलूही नकोस. सूनबाई वाचून दाखवील. काय सरोजिनी, दाखवशील ना?"

सरोजिनी कणीक मळत होती. "हो मामंजी," ती म्हणाली आणि कणकेवर अशी मूठ मारली की परातच सरकली. कारण मागच्याच आठवड्यात हेरंबने कचेरीत जाता जाता वाचनालयात एक गोष्ट देऊन टाकली होती. खूण होती 'गोकर्ण', आणि गोकर्ण म्हणजे सरोजिनी.

खरं सांगून टाकायला हरकत नव्हती. बायकांनी लिहू नये असं मामंजींचं मुळीच म्हणणं नव्हतं. मुलींच्या शाळा तपासत ते सगळं राज्य हिंडले होते. भीती निराळी होती. मामंजी सुधारत. लग्नपत्रिका सुधारत, वर्तमानपत्र सुधारत, वाण्याची पाटी सुधारत. सरोजिनीच्या वडिलांनी दिवाळीला धाडलेलं पत्र त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. तेव्हापासून तिचे वडील फक्त 'आम्ही खुशाल' एवढंच कळवत.

आणि सरोजिनीला एकदा, एकदाच, असं हवं होतं की ती कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई हे ठाऊक नसलेल्या माणसाने आपलं लिहिलेलं वाचावं आणि हे काय आहे ते सांगावं. बस. दौतही हवी होती, नाही असं नाही.

गोष्टही काही ठरवून लिहिलेली नव्हती. ती लेकीच्या, निरूच्या जेवणातून निघाली होती. चार वर्षांची निरू घास तोंडात घेई आणि गालात ठेवून देई. चिऊचा घास आणि काऊचा घास यांना तर तिने बोलायला लागल्याबरोबर निवृत्त केलं. मग आला बोका. हा बोका पूर्वी सरकारी धान्यकोठाराच्या चाकरीत होता. आता घरी बसला, पण सवय कुठली सुटायला? रोज सकाळी मिशा पुसून तांदळाच्या कोठीच्या झाकणावर बसायचा आणि दफ्तर उघडायचा. उंदीर तांदूळ मागायला आले की त्यांना खायचा नाही. म्हणायचा, "अर्ज करा." उंदीर अर्ज आणत. बोका घसा खाकरून म्हणे, "अह्हं. समास सोडलेला नाही. पुन्हा लिहून आणा." एक उंदीर वर उभा राहून आपला अर्ज सुधारून घेत असताना बाकीचे खालच्या भोकातून तांदूळ नेत. एका घासाला एक उंदीर. तांदूळ संपला की ताटही संपे.

निरू झोपाळ्यावर झोपली की सरोजिनी तिच्या उशाशी बसून हे लिहून काढी. कागद गुडघ्यावर, पायाचा अंगठा जमिनीला. झोपाळा थांबला की निरू जागी होई, म्हणून अंगठा चालूच ठेवावा लागे. त्यामुळे तिच्या ओळी कधी वर जात, कधी खाली.

सासूबाई मुलीच्या बाळंतपणासाठी नवसारीला गेल्या होत्या, त्यामुळे घरात वाचणारी ती एकटीच. दुपारी मामंजी झोपाळ्यावर बसत, सरोजिनी समोर पाटावर, आणि निरू खाली आपली वाटी घेऊन.

'चाफ्या'चा नायक पहिल्याच पानावर खोकला. तिसऱ्या पानावर त्याला चंद्र दिसला.

"मेला का?" मामंजींनी विचारलं.

"अजून नाही, मामंजी."

"पानं किती उरलीत?"

"बरीच."

"मग पुढची घे. तो मरायचा तेव्हा मरेल."

'कमळा'त एका सरदाराने उगारलेली तलवार चार पानं झाली तरी खाली येत नव्हती. "हात भरून आला असेल बिचाऱ्याचा," मामंजी म्हणाले. 'निशिगंधा'चा नायक सुरसागरच्या काठावर बसून प्रियेची आठवण काढत होता.

"कामधंदा काय करतो?"

"लिहिलेलं नाही."

"मग बसणारच काठावर."

सरोजिनीला हसू आवरेना. दोन दुपारी अशा मजेत गेल्या, आणि दौत हळूहळू तिच्या बाजूला सरकू लागल्यासारखी वाटली. तिसऱ्या दुपारी हातात आली 'शेवंती'.

पादरा तालुक्यातल्या एका खेड्यातला मास्तर. सक्तीच्या शिक्षणाची शाळा, तपासणीला साहेब यायचे, आणि पोरं सगळी कापूस वेचायला गेलेली. मास्तरांवर बालंट येऊ नये म्हणून गावातल्या आयाच पोरांच्या जागी पाट्या घेऊन बसतात. पहिला परिच्छेद वाचून होताच सरोजिनीने उरलेली पानं मोजली. ही गोष्ट चांगली होती.

मग तिने जे करू नये ते केलं. आवाज पाडला, भरभर वाचायला लागली, आणि एक ओळ सरळ गिळली.

"अह्हं," मामंजी म्हणाले. "काय म्हणालीस? सुटलं काहीतरी."

तिने कागदाकडे पाहिलं. गिळलेल्या ओळीत एक बाई पाटी उलटी धरून बसली होती, आणि शेजारीण तिला कोपराने ढोसत होती. त्या बाईला तिथून हाकलून देणं सरोजिनीला जमेना.

"चुकलं, मामंजी. मागून वाचते."

आणि मग तिने ती नीट वाचली, शेवटी त्या बाईने पाटीवर आपलं नाव काढलं तिथपर्यंत.

"ही वर ठेव," ते म्हणाले. "पुढची?"

"गोकर्ण," सरोजिनी म्हणाली. आता पंचाईत अशी, की बोक्याचा आवाज हा मामंजींचाच आवाज होता. तो काढला तर पकडली जाणार. म्हणून तिने औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशी गोष्ट वाचली. खाकरणं गाळलं. उंदीर चुंचुं न करता आले आणि गेले.

"हे काय आहे?" मामंजी म्हणाले.

"बोका आहे, मामंजी."

"ते कळलं. ठेव खाली."

तिने ठेवली. परक्यांच्या खोकल्याला आणि तलवारीला न्याय दिला, आणि आपल्याच लेकराला दाराबाहेर उभं केलं. रडू यायच्या आत उठावं म्हणून तिने पदर खोचला, तोच खालून आवाज आला.

"आई, तू खोटं सांगतेस."

निरूच्या गालात दहीभाताचा घास तसाच होता. तो तिने गिळला, ही गोष्ट आधीच नवलाची.

"निरू, गप्प बस. घास घे," म्हणत सरोजिनीने घाईने एक घास भरवला. तिथे तिचा हिशेब चुकला. घास म्हणजे उंदीर, हे निरूच्या अंगवळणी पडलेलं. ती उठून पाटावर चढली, मिशा पुसल्या, आणि सुरू झाली.

"तसं नसतं. बोका आधी असं करतो. अह्हं! कोण आहे? मग उंदीर म्हणतो, मी आहे साहेब, गरीब आहे साहेब. मग बोका म्हणतो, गरीब आहेस तर समास का सोडला नाहीस?"

मामंजींचा झोपाळा मंद झाला.

"मग?"

"मग दुसरा येतो. घास दे ना, आई." सरोजिनीने दिला, आता न देऊन काय उपयोग होता? "त्याच्या अर्जावर शेपटी पडलेली असते शाईत. बोका म्हणतो, ही सही आहे की शेपूट? उंदीर म्हणतो, साहेब, आमच्यात एकच असतं."

मामंजींच्या पोटात काहीतरी हललं. त्यांनी ते खाकरून दाबलं. "अह्हं. पुढे?"

निरूने टाळी वाजवली. "अस्सं! बोका अस्संच म्हणतो."

झोपाळा थांबला. मामंजींनी पाय खाली टेकवला होता. आढ्याच्या कड्या तेवढ्या एकदा कुरकुरल्या.

"ही गोष्ट तुला कोणी सांगितली?"

"आईनं. रोज सांगते. आज तिला येत नव्हती."

सरोजिनीने मान खाली घातली. "मामंजी, मी..."

"तू वाचून दाखवणारी आहेस," मामंजी म्हणाले. "गोकर्ण कोण, ते मला माहीत नाही." थोडं थांबून म्हणाले, "माहीत नसतं तर फार बरं झालं असतं." मग निरूकडे वळले. "पुढे काय होतं? कोठी रिकामी होते की नाही?"

संध्याकाळी सुभानराव आले, निकाल ठरवायला. सरोजिनी स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचं आधण ठेवून उभी राहिली.

"बोला लक्ष्मीकांतराव. मी तुमच्या गुणांवर सही ठोकायला आलोय."

"गुण नाहीत. मी एकही गोष्ट वाचलेली नाही. मला दिसत नाही, सुभानराव. मोतीबिंदू."

सरोजिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतके दिवस घराबाहेर न पडलेली गोष्ट मामंजींनी आपल्या तोंडाने सांगितली होती. 'गोकर्ण' म्हणजे आपली सून असं सांगितलं असतं, तर सुभानरावांनी एक तर मैत्रीखातर दौत दिली असती, नाही तर रीत म्हणून गोष्ट बाद केली असती. दोन्हींत गोष्ट कोणी वाचली नसती.

"मग मागल्या रविवारी बुद्धिबळात माझा उंट मारलात तो?" सुभानरावांनी शेवटी विचारलं.

"तो मी घोडा समजून मारला."

"आणि मी त्यावर आठवडाभर विचार करतोय. बरं, आणा इकडे. हे काय, या कागदाला भाताचं शीत चिकटलंय. आणि ओळी पाहा, बोटीत बसून लिहिल्यात की काय याने?" कागद उलटल्याचा आवाज. "'कोठीच्या झाकणावर...' हं. 'अह्हं. समास सोडलेला...'"

सुभानराव थांबले. त्यांनी ते 'अह्हं' पुन्हा एकदा वाचलं, आता मोठ्याने, आणि नेमक्या आवाजात. मग जे हसायला लागले ते पगडी काढून मांडीवर ठेवावी लागली. मध्येच वाचत, पुन्हा हसत, शेपटीच्या सहीपाशी तर त्यांना पाणी मागवावं लागलं.

"अहो, हा तुम्हाला ओळखतो, लक्ष्मीकांतराव. हाताखालचा कारकून असणार एखादा. बराच छळलेला दिसतोय."

"असेल," मामंजी म्हणाले. "बरेच होते."

आत चहा उकळून काळा झाला. सरोजिनीने तो तसाच गाळला आणि मग लक्षात आलं की साखर घातलीच नव्हती. कोणी तक्रार केली नाही.

दौत 'शेवंती'ला मिळाली. पेटलादच्या कोणी एका शिक्षिकेने लिहिली होती. सरोजिनीला वाईट वाटलं नाही असं नाही; जेवताना दोनदा वाटलं. पण उलट्या पाटीची बाई आठवली की तक्रार करायला तोंड राहत नव्हतं. 'गोकर्णा'ला दुसरा क्रमांक मिळाला आणि वाचनालयाच्या महोत्सवी अंकात जागा. नाव उघड झालं त्या दिवशी सुभानराव घरी आले, दारातच उभे राहून सरोजिनीकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, आणि "कारकून!" एवढंच म्हणून पुन्हा पगडी काढून बसले.

अंकासाठी गोष्ट नक्कल करायला ती बसली, तेव्हा मामंजी झोपाळ्यावरून म्हणाले, "एक चूक आहे त्यात."

सरोजिनीने लेखणी खाली ठेवली. आली लाल शाई, तिच्या मनात आलं.

"उंदीर एवढा तांदूळ नेतात, आणि बोक्याला दिसत कसं नाही? कारण दिलेलं नाही."

ती विचारात पडली. खरंच दिलं नव्हतं. निरूनेही कधी विचारलं नव्हतं.

"काय कारण असावं, मामंजी?"

"अह्हं," मामंजी म्हणाले. "मोतीबिंदू असेल."

सरोजिनी हसली, आणि तिने ते घातलं. पण निरूला ते पटेना. बोक्याला तसलं काही झालेलं नाही, असं तिचं ठाम म्हणणं पडलं आणि घास गालात जाऊन बसला.

"आण ती वाटी इकडे," मामंजी म्हणाले. "हिची समजूत मी काढतो. तू जा, आत मेजाशी बसून लिही काय ते."

तेव्हापासून दुपारची वाटी मामंजींकडे गेली. आत मेज हलत नव्हतं, सरोजिनीच्या ओळी सरळ चालल्या होत्या, आणि ओटीवरून निरूचा आवाज येत होता.

"असं नाही, आजोबा. चुकलं. पुन्हा सांगा."