वापरात आहे

“डिस्क वापरात आहे म्हणतंय, म्हणजे कोणीतरी वापरतंय, साहेब. थांबा जरा,” काका म्हणाले.

“कोण वापरणार? तुमच्याशिवाय कोण बसतं इथे?” साहेबांचं सगळं लक्ष घड्याळात. अंगावर अत्तराचा एवढा मारा, की मला मळमळायला लागलं. खरं सांगायचं तर या माणसाकडे बघून मला रोजच मळमळतं.

काकांच्या निवृत्तीचा दिवस होता. खाली हॉलमध्ये मोठे साहेब येऊन बसले होते. काकांनी स्वतःच्या हाताने त्यांना हार्डडिस्क द्यायची आणि त्याचा फोटो काढायचा, असा घाट आमच्या साहेबांनी घातला होता. आमच्या प्रसूतिगृहात चाळीस वर्षांत जन्मलेली झाडून सगळी बाळं त्या डिस्कमध्ये होती. आईचं नाव, तारीख, वेळ, वजन. वाळवीने खाल्लेल्या रजिस्टरांतून भिंग लावून काकांनी ती अकरा वर्षं उतरवली. माझं टेबल शेजारीच, मी पाहिलंय. एखादा आकडा पुसट निघाला की आठवडाभर माझा जीव खायचे. “ताई, हा एक आहे की सात? बघा ना, तुमचे डोळे चांगले आहेत.”

ती रजिस्टरं गेल्या महिन्यात रद्दीत गेली, साहेबांच्या सहीने. सगळं कॉम्प्युटरात आहे ना, मग कशाला ही धूळ! दुसरी प्रत काढायला आणखी एक डिस्क द्या, असा काकांनी तीनदा अर्ज केला होता. तिन्हींवर एकच शेरा: विचाराधीन. कसला डोंबलाचा विचार!

काकांनी उघडं होतं नव्हतं ते सगळं बंद केलं आणि पुन्हा डिस्क काढायचं बटण दाबलं. पुन्हा तेच उत्तर. मग त्यांनी कुठली फाइल चालू आहे त्याची यादी काढली. मीही वाकून पाहिलं. डिस्कवर काहीतरी उतरत होतं, आणि तेही साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून. फाइलचं नाव ‘समुद्र सहल भाग तीन’.

“साहेब, हे तर तुमचंच...”

“अहो, जागा रिकामी होती म्हणून टाकतोय दोन-चार व्हिडिओ. नंतर काढून घेईन. तेवढ्याने काय आभाळ कोसळतंय? द्या इकडे.”

“दोन मिनिटं. मी केबिनमध्ये जाऊन ते थांबवतो, मग—”

साहेबांनी वायर उपटली. डिस्क टेबलावरून घसरली आणि फरशीवर आपटली.

काकांनी ती उचलून पुन्हा जोडली. आतून टकटक आवाज यायला लागला. पडद्यावर आलं: डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

“हो म्हणा की, विचारतंय काय!” साहेब माउसकडे झेपावले. काकांनी माउसवर तळहात ठेवला. अकरा वर्षांत त्यांना साहेबांच्या आड येताना मी प्रथमच पाहिलं.

“ही जाणत्या माणसाकडे पाठवली तर थोडंफार निघेल,” काका म्हणाले. “पण आता हिला कोणी हात लावता कामा नये. मोठ्या साहेबांना आजच सांगावं लागेल.”

“काही सांगायचं नाही. डबीत घाला. नंतर बघू.” मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “बाई, तुम्हीही. तुमचा बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बदली झाली असती तर त्यांचं करणार कोण?

हॉलमध्ये हार झाले, भाषणं झाली. काकांना माइक दिला. त्यांनी डबी पुढे केलीच नाही.

“मोठे साहेब, ही घेऊ नका,” ते म्हणाले. “हिच्यात आता काही नाही.”

मला वाटलं, सुटले काका. तेवढ्यात आमचे साहेब खो खो हसत उठले. “बघा, हे आमचे काका! अकरा वर्षं राबले आणि वर म्हणतात, काही नाही! असा विनय आता कुठे बघायला मिळतो, सांगा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “अहो, नाही, खरंच—” काका म्हणत होते, पण माइक त्यांच्या हातातून गेला होता. मोठ्या साहेबांनी हसतहसत डबी काढून घेतली, वरखाली हलवून पाहिली. फोटो निघाला.

काका सगळ्या हॉलभर कोणाला तरी शोधत होते. त्यांची नजर तिसऱ्या रांगेत माझ्यावर येऊन थांबली. नुसतं उठून ‘ते खरं बोलतायत’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. साहेबही माझ्याकडेच बघत होते.

मी टाळ्या वाजवत होते. शी! आणि याच हातांनी मी रोज जेवते.