काचेवरचा तांबडा ठिपका

हं, इकडे बघा. लॅपटॉपकडे नको, त्याच्या डाव्या अंगाला. मी बोलतोय, बावीस इंची जुना मॉनिटर. सोलापूरच्या भवानी पेठेत दाक्षायणीच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या काचेवर एक तांबडा ठिपका आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो पुसायला हात पुढे करतो, आणि माझा जीव वरखाली होतो. म्हणून एकदाचं सांगूनच टाकतो.

मला समज आली ती करमाळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात. सहा वर्षं पोरं माझ्यासमोर टायपिंग शिकली. क्लास बंद पडला आणि मी सोलापुरात एका जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. पडलो म्हणजे अक्षरशः पालथा पडलो. पाठीवर दोन मिक्सर.

तिथून मला दाक्षायणीनं उचललं. ती यंत्रमागवाल्यांना चादरींची डिझाइनं काढून देते. तिचे वडील बसलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, चाळीस वर्षं कारखान्यात हेच काम ग्राफच्या कागदावर करायचे, एकेक चौकोनी घर रंगवून. आता त्यांची नजर अधू झाली होती. लॅपटॉपच्या लहानशा पडद्यावर त्यांना घरंच दिसेनात. "सगळं पीठ पीठ दिसतंय गं. मी आता कामाचा न्हाय," म्हणत ते ओट्यावर जाऊन बसत. पोरीला सॉफ्टवेअर येत होतं. पण विणल्यावर कुठला धागा लोंबणार, हे अप्पांनाच कळायचं. मला आणलं ते त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवायला.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच शोभा झाली. माझी वायर जुनी, लॅपटॉपचं भोक नवं. मधली जोडणी आणली, तर लॅपटॉप दाखवी तेच मीही दाखवू लागलो. नुसती री ओढायला आणलं होय मला? मग तिनं सेटिंगमध्ये 'एक्सटेंड' निवडलं आणि मला माझी स्वतःची जागा मिळाली. तरी घोळ संपेना. मी होतो डावीकडे, सेटिंगात मात्र उजवीकडे. डावीकडे नेलेला बाण कडेलाच अडून बसायचा.

"अय्यो, अडला की गं!" अप्पा हसले.

दाक्षायणीनं सेटिंगातलं माझं चित्र डाव्या बाजूला ओढलं आणि बाण सुळकन माझ्याकडे आला. लॅपटॉपवर अख्खी चादर, माझ्यावर एकच फूल, ताटाएवढं. अप्पा खुर्ची ओढून पुढे सरकले.

"दिसतंय की! घर न् घर दिसतंय!"

खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

आता अप्पांची कारखान्यातली सवय ऐका. चूक दिसली की ग्राफवर तांबडा ठिपका द्यायचा आणि उठायचं. रंगवणाऱ्यानं ठिपका बघून दुरुस्त करायचं. बोलायचं काम नाही. एका दुपारी दाक्षायणी भाकऱ्या करत होती. अप्पांना एका पाकळीत, विणल्यावर लोंबेल असा लांबलचक सुटा धागा सापडला. त्यांनी खिशातला स्केचपेन काढला आणि ठिपका दिला. थेट माझ्या काचेवर!

मी काय करणार? मला तोंड कुठंय? संध्याकाळी दाक्षायणीनं चादरीचा काठ बघायला डिझाइन सरकवलं. फूल खाली गेलं, ठिपका जागच्या जागी राहिला, आणि तिचं तिकडे लक्षच गेलं नाही. सकाळी तिला ठिपका दिसला तेव्हा त्याच्याखाली वेलीचा देठ होता. अप्पा सिद्धेश्वराला गेले होते. त्यांनीच खूण केलीय म्हटल्यावर विचारायचं काय? तिनं देठ खोडला आणि डिझाइन विणायला पाठवून दिलं.

आठ दिवसांनी नमुन्याची चादर आली. देठ तुटलेला, आणि पाकळीतला धागा लोंबतोय तो लोंबतोयच. अप्पांनी त्यावरून बोट फिरवलं.

"बायामाणसांची जोडवी अडकतील ह्यात," ते म्हणाले. "मी चांगलं सोडून भलतंच दावलं. डोळं गेलं, पोरी. आता मला विचारू नगंस."

चार दिवस ते माझ्यासमोर बसले नाहीत. रिकामी खुर्ची बघून मला फार वाईट वाटायचं. चूक त्यांची नव्हती, आणि ते ठाऊक असलेला मी एकटाच.

पाचव्या दिवशी दाक्षायणी देठ जोडायला बसली. ठिपका मधे येतो म्हणून तिनं डिझाइन खाली सरकवलं. ठिपका हलला नाही. वर सरकवलं. तरी नाही. तिनं काचेला बोट लावलं आणि तशीच थांबली. मग पुन्हा हळूहळू सरकवत गेली. पान गेलं, कळी गेली, आणि ती लोंबत्या धाग्याची पाकळी नेमकी ठिपक्याखाली येऊन बसली.

"अप्पा!" ती ओट्याकडे धावली. हात धरून त्यांना घेऊन आली. "बघा. तुमचा डोळा चुकलाच नव्हता. खूण काचेवर राहिली आणि फूल पुढं गेलं. मीच येडी!"

अप्पा वाकले. नाक माझ्या काचेला लागेपर्यंत वाकले. त्यांचा श्वास मला जाणवला.

"बरोबर दावलं हुतं की मी," ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि त्याच ओढणीचं टोक ठिपक्याकडे नेलं.

"ऱ्हाऊ दे," अप्पांनी तिचा हात धरला. "काम सुदरतंय तवर ऱ्हाऊ दे ती खूण."

आता ते घरावर बोट ठेवतात आणि ती तिथल्या तिथं दुरुस्त करते. माझा एक कोपरा काळवंडलाय. त्यांची नजरही आणखी उतरलीय. फूल आधी ताटाएवढं लागायचं, आता परातीएवढं लागतं. आमच्या दोघांत आधी कोण विझेल, ठाऊक नाही. तुम्ही कधी आलात तर मला खुशाल पुसा, धूळ फार बसते इथं. तेवढी एक जागा सोडा. अप्पा रोज बसताना आधी तिथं बोट टेकवतात, आणि मग कामाला लागतात.