शेपूट येईपर्यंत

रविवारची फेरी जमवणं कप्तानाला लग्न जमवण्यापेक्षा कठीण वाटायचं. एकाला दगडधोंड्यांतून मोटारसायकल उडवायची असते, दुसऱ्याला साधा ओढा दिसला तरी घाम फुटतो, आणि दोघांनाही संध्याकाळी धडधाकट घरी पोचवायचं असतं. बाकीचे सहा दिवस तो स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. तिथे त्याला कोणी कप्तान म्हणत नसे, म्हणून रविवारी तो जरा जास्तच कप्तान व्हायचा.

त्याचा नियम एकच, पण पक्का. प्रत्येक फाट्यावर त्याच्या मागच्या गड्याने थांबायचं, मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची, आणि शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागे केशरी जाकीट घालून येणारा वेल्डर. तो दिसला की समजायचं, मागे कोणी उरलं नाही.

या वेळी ताईने गळ घातली होती. "यांनाही ने रे. गाडी घेतल्यापासून नुसती पुसत बसतात."

भाऊजी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांना हे खूळ लागलं होतं. पण घरात सगळ्यांचा विरोध असताना कप्तानाला पहिली गाडी मिळाली, ती याच भाऊजींनी वडिलांपुढे रदबदली केली म्हणून. नाही म्हणायची सोय नव्हती.

भाऊजींनी सकाळभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. वाळूत रुतले, चढावर बंद पडले, ओढ्यात तर गाडीसकट आडवे झाले आणि उठायच्या आधी चष्मा शोधत बसले. दर वेळी सगळ्यांनी इंजिनं बंद करून वाट बघायची. तरणी मंडळी कुरकुरायला लागली. "कप्तान, पायी आलो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो!" सगळे हसले. कप्तानाला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसाला भलतंच सुचतं.

टेकडीच्या पायथ्याशी एक वाट फुटत होती. ती पुढे दगडाच्या बंद खाणीत संपते, तिकडे कोणी चुकूनही वळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "भाऊजी, हा फाटा फसवा आहे. तुम्ही इथे उभे राहा. शेपूट येईपर्यंत हलू नका."

"नाही हलणार," भाऊजी म्हणाले.

मग त्याने थोडं मागे जाऊन वेल्डरला जाकीट काढून पिशवीत कोंबायला लावलं आणि सगळ्यांबरोबर धुरळ्यातून पुढे पिटाळलं. माथ्यावर जायचं, याच वाटेने उतरायचं, भाऊजींना घ्यायचं, असा बेत होता. "हे बरं दिसत नाही," वेल्डर म्हणाला. "अरे, तेवढाच त्यांना आराम," कप्तान म्हणाला.

माथ्यावर एकाची साखळी तुटली. ती जोडेपर्यंत ऊन कलायला लागलं. पलीकडची उतरण सोपी, म्हणून सगळे तिकडूनच उतरले. वेल्डरचं सगळं लक्ष त्या लंगड्या गाडीकडे होतं. आणि कप्तानाच्या डोक्यातून भाऊजी साफ गेले होते.

खाली हॉटेलात त्याने चहा सांगितला, सकाळच्या सवयीने त्यात एक बिनसाखरेचा. तो कप कोणीच उचलेना. चहावर साय धरली, तेव्हा कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं.

तो एकटाच निघाला. फोन लागत नव्हता. भाऊजी पडले असतील, चक्कर आली असेल, नाही नाही ते मनात येत होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, ते कंटाळून निघून गेलेले असले तर बरं, असंही त्याला वाटत होतं. नियम त्यांनीच मोडला, असं म्हणता आलं असतं. हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

भाऊजी फाट्यावरच होते. उभेच होते. डोक्यावर हेल्मेट, ओठ सुकलेले, पाण्याची बाटली रिकामी. कप्तानाचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, ती साखळी तुटली, म्हणून जरा..."

"वेल्डरने जाकीट का काढलं होतं?"

कप्तान गाडी स्टँडवर लावू लागला.

"जन्मभर लोकांची नजर तपासतोय मी. जाकीट काढलं की माणूस ओळखू येत नाही होय?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आणि ही वाट खाणीत संपते. चालत जाऊन बघून आलो."

"मग थांबलात कशाला?"

"तू शोधत आला असतास आणि मी इथे नसतो, तर? ताईपुढे काय तोंड घेऊन गेला असतास?" भाऊजींनी हेल्मेट काढलं. "पाणी आहे का?"

घाईत कप्तान पाणी आणायलाही विसरला होता.

दोघे घरी पोचले तेव्हा ताई दारातच उभी होती. "काय हो, जमलं का?"

"म्हणजे काय! सगळ्यांत अवघड फाटा याने मला दिला. एकही माणूस चुकला नाही."

ताईने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "सांभाळलंस हो त्यांना. मला दिवसभर घोर होता."

कप्तानाला तो हात सहन होईना. "ताई, तिथे फाटा असा..."

"आधी पाणी पी," म्हणत भाऊजींनी त्याच्या हातात पेला ठेवला.

"पुढच्या रविवारीही यांना तसाच फाटा दे बाबा," ताई म्हणाली.

"देऊ दे की," भाऊजी वाकून बूट काढत म्हणाले. "म्हणेल तिथे उभा राहीन. फक्त ते केशरी जाकीट याने घालावं."