चाळीसपासून सुरू होणारा पाना

आमच्या थोरल्याला कुणी काही सांगितलेलं खपत नाही. सांगणारा शिकलेला असला तर "त्याचं सगळं जुनं झालंय", आणि न शिकलेली मी असले तर "आई, तू आत जा." पस्तिशी उलटली, टक्कल पडायला लागलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

आता परवाचंच घ्या. धाकटीला नोकरी लागली. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. घरोघर जाऊन नमुने घ्यायचे आणि तासाभरात लॅबला पोचवायचे. अट एकच, गाडी हवी. सोमवारी सकाळी सातला गाडीसह हजर, नाहीतर यादीत पुढचं नाव तयार आहे. दोन वर्षं पोरगी अर्ज करून थकली होती. तिने ओळखीतून एक जुनी मोटरसायकल घेतली. गाडी धडधाकट, फक्त ऑइल बदलायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे टाक, अर्ध्या तासाचं काम. तर थोरला मध्ये पडला.

"मिस्त्री सगळं अंदाजपंचे आवळतो. मी करतो. मापात."

महिनाभर फोनवर व्हिडिओ बघून हा गुरुजी झालेला. शनिवारी टॉर्क पाना घेऊन आला. चांगला हातभर लांब, पेटीत निजवलेला, जणू सोन्याचाच. मला समजावून सांगितलं, मुठीवर आकडा लावायचा आणि बोल्ट आवळत जायचा. तेवढा आवळला की पाना 'टक' करतो. तिथे थांबायचं. कमी आवळला तर बोल्ट गळतो, जास्त आवळला तर त्याचे आटे जातात.

खोटं कशाला बोलू, कल्पना मला पटली. मी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. दगड किती आवळायचे याच्यावरच पिठाचं सगळं असतं. जरा जास्त झालं की पीठ करपतं. तेव्हा मापाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको.

रविवारी सकाळी जिन्याखाली गाडी उभी केली. धाकटी गाडीचं पुस्तक घेऊन पायरीवर बसली, मी खुर्ची टाकून. थोरल्याने नवाकोरा पाना काढला आणि जुना बोल्ट सोडवायलाच घातला.

"अरे, मापाचं हत्यार ते! सोडवायला साधा पाना घे."

"आई, काही होत नाही."

काळंकुट्ट ऑइल खालच्या पत्र्याच्या भांड्यात आलं. बोल्ट पुसला, नवा वायसर घातला, हाताने फिरवून बसवला. इथवर ठीक. मग धाकटीने वाचलं, "ऑइलचा बोल्ट, पंचवीस."

मी पान्याच्या मुठीकडे बघितलं. माझी शाळा दुसरीत सुटली, पण आकडे माझ्यापासून लपत नाहीत. सगळ्यात खाली चाळीस लिहिलं होतं.

"याच्यावर पंचवीस कुठंय रे?"

"खाली फिरवलं की येतं."

"चाळीसच्या खाली नुसती कोरी दांडी आहे."

"तेवढं अंदाजाने फिरवायचं, आई."

"अंदाजानेच करायचं होतं तर मिस्त्रीने काय घोडं मारलं होतं?"

धाकटी फिस्सकन हसली. थोरल्याचे कान लाल झाले.

मी सरळ सांगून बघितलं. गिरणीत माझ्याकडे दोन काटे होते. एक पोत्यांचा, एक लहान. पोत्यांच्या काट्यावर मूठभर धान्य ठेवलं तर तो ढिम्म हलत नाही. मग धान्याला वजन नाही असं म्हणायचं का? "दुकानदाराने विचारलं नाही, कशासाठी पाहिजे म्हणून?"

"विचारलं. मी म्हटलं, मोठाच द्या. एकात सगळी कामं होतील."

म्हणजे दुकानदार शहाणा निघाला, गिऱ्हाईकच तालेवार. मी म्हटलं, पाना बदलून आण, नाहीतर मिस्त्रीला हाक मार. तर म्हणाला, "तुम्ही दोघी जरा गप्प बसाल का? मला 'टक' ऐकू येणार नाही."

गप्प बसलो. त्याने मूठ चाळीसच्या खाली सैल सोडली आणि आवळायला घेतलं. बोल्ट टेकला. घट्ट झाला. मी म्हटलं, झालं, बास. तो म्हणाला, अजून टक नाही. गुडघा टेकून त्याने पुन्हा जोर लावला. टक नाही. दादा, थांब, धाकटी म्हणाली. अजून एकदा. एवढ्या लांब दांडीला जोर तो काय लागतो? कान टवकारून तिघं बसलोय आणि टक काही येईना.

मग पाना एकदम हलका झाला. लोण्यातून सुरी जावी तसा सुळकन फिरला. थोरल्याचं तोंड बघूनच मला कळलं. आटे गेले.

"नवीन वायसर आहे, बसेल अजून," तो पुटपुटला.

"वायसरच्या नावाने रडू नकोस," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

मिस्त्री रविवारी घरीच होता, टॉवेल खांद्यावर टाकून आला. गाडीखाली आडवा होऊन बोट घातलं. "काकू, भोकातले आटे साफ. बोल्टला चिकटून बाहेर आलेत, हे बघा." चांदीच्या तारेसारखी वेटोळी त्याच्या तळहातावर पडली होती. मग त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक पाना काढला. तोही टॉर्क पाना, पण वीतभर.

थोरला बघतच राहिला. "तुम्ही हा वापरता?"

"ऑइलच्या बोल्टाला रोज. पाचपासून पन्नासपर्यंत आहे हा. आपल्याला हवा तो आकडा पट्टीच्या मध्यावर यावा, साहेब, टोकाला नाही. घरी शिकायला आधी असा घ्यायचा. तुमचा तो चाकाच्या नटाला ठेवा. आणि काम झालं की मूठ खालच्या आकड्यावर आणून ठेवत जा, आतली स्प्रिंग दबून राहत नाही."

हा माणूस अंदाजाने आवळतो असं मीही धरून चालले होते. पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.

"आता काय करायचं?" धाकटीने विचारलं.

"भोक मोठं करून आत नव्या आट्यांचा लोखंडी बुश बसवायचा. बुश उद्या दुकान उघडल्यावर मिळेल. दहाला. गाडी दुपारी देतो."

पोरीने पुस्तक मिटलं. सातला हजर व्हायचं होतं.

"एक दिवस उशिरा येते म्हणून सांग ना," थोरला म्हणाला. "नाहीतर मी सोडतो तुला."

"दिवसभर घरोघर सोडशील?" तिचा आवाज चिरकला. "दादा, शिकायचंच होतं तर स्वतःची मोटरसायकल का नाही उघडलीस?"

"तिची वॉरंटी आहे. ती शोरूमला जाते."

त्याच्या तोंडून हे निघालं आणि मिस्त्रीने टॉवेलाने तोंड पुसण्याचं निमित्त केलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी खुर्चीवरून उठले आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"नीट ऐक. उद्या सकाळी सहाला तुझ्या गाडीची किल्ली तिच्या हातात पडली पाहिजे, कागदपत्रांसकट. ही गाडी नीट होऊन तिच्या मनाला येईपर्यंत ती तुझीच चालवेल. ओरखडा पडला तरी तू हूं का चूं करायचं नाहीस. ऑफिसला रजा टाक, बुश आण, आणि मिस्त्री बसवेल तेव्हा शेजारी उकिडवा बसून बघ, तोंड मिटून. तुझा पाना चांगला आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. नाव तुला ठेवते. स्वतःची वस्तू जाणत्याच्या हातात देतोस आणि बहिणीच्या पोटावर हात साफ करतोस, हे मला या घरात परत दिसलं नाही पाहिजे."