हिरव्या पालकाची हमी

वलगावच्या बाजारओट्यापुढे चपलांचा ढीग पडला होता. आत हरितनाथ महाराज पालकाच्या जुड्यांत प्राण भरत होते. आजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून एक जुडी, ती पारदर्शक पिशवीत, आणि पिशवीचं तोंड धुनीत तापलेल्या चिमट्याने बंद! "जोवर पालक हिरवा, तोवर रोग मागे!" महाराज गरजत. "गोळी नको, सुई नको. औषध घेतलं की पान रुसतं!" मग पिशव्या महाराजांच्या शांतिकक्षात जात. तिथे दिवसरात्र एसी चाले. मंत्राला एसी कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही.

गाव भाजीवाल्यांचं. हवेतून अंगारा काढला असता तर लोकांनी महाराजांना हाकलून दिलं असतं. पण पालकाच्या बाबतीत त्यांना शिकवणार कोण? पहाटे उपटलेली जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळली नाही, तर दुपारपर्यंत मान टाकते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. इथे तर आठव्या दिवशीही ताजी! जाणकार होते, म्हणूनच फसले.

शाळेतल्या सहदेव गुरुजींनी एकदा महाराजांना उघडं पाडायचा बेत केला. साध्या पिशवीत जुडी घातली, गाठ मारली, वर्गात खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी आत पाणी, चौथ्या दिवशी हिरवा चिखल. "मंत्राविना चिखलच!" महाराज म्हणाले, आणि गर्दी दुप्पट झाली. बिचारे गुरुजी त्या वाटेने जायचेच बंद झाले.

एके दिवशी रागिणीची सासू पार्बताबाईही या गर्दीत सामील झाली. सासूला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई, वर पायाच्या अंगठ्याला जखम. तिला एकटीला कसं सोडावं, म्हणून सूनही सोबत गेली.

रागिणीने दोन वर्षं अमरावतीला भाजी पॅक करणाऱ्या कारखान्यात काम केलं होतं. तिने पिशवी न्याहाळली. आत दव नाही, थेंब नाही. चिमटा आणि पिशवी यांच्यामध्ये चेला एक तपकिरी, गुळगुळीत फडकं धरत होता. असलंच फडकं कारखान्यातल्या मशीनवर होतं. तापलेल्या पट्टीला प्लास्टिक चिकटू नये म्हणून. तिला हसूही आलं आणि रागही.

"आत्याबाई, ह्या आमच्या कारखान्यातल्या पिशव्या हायेत."

"गुरुजीचा चिखल इसरली काय? तू महाराजाहून शायनी झाली व?"

बोलून उपयोग नव्हता. रागिणीने आणखी एका नावाची चिठ्ठी चेल्याच्या हाती दिली.

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी ती सुई भरून पुढे करी, सासू तोंड फिरवी. नवरा योगेश डॉक्टरांना घरी घेऊन आला, तर पार्बताबाईंनी आतून कडी लावली. अंगठा काळा पडत चालला होता.

आठव्या दिवशी महाराज एकेक पिशवी उंचावून निकाल सांगू लागले. पार्बताबाईंचा पालक हिरवा निघाला. त्यांनी सुनेकडे ऐटीत पाहिलं. पुढची चिठ्ठी आली.

"वलगावचे जानराव राऊत! बघा, पानाला सुरकुती नाही. प्रकृती उत्तम! भूक वाढली आहे. महिन्याभरात शेतात जातील!"

जानरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती. समोरची निम्मी माणसं त्यांना खांदा देऊन आलेली. कुणीतरी फिसकन हसलं. पार्बताबाई लंगडत उठल्या.

"महाराज, माह्या मालकाले कोन्त्या शेतात धाडता? म्या सोता त्यायच्या तेरवीचं जेवन वाढलं."

"माई, आत्मा अमर असतो..."

"आत्म्याले भूक लागते काय?" मागून आवाज आला आणि ओटा खदखदून हसला.

रागिणीने चेल्याच्या हातून फडकं ओढलं, शेजारच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री आणली आणि तशीच एक पिशवी सर्वांसमक्ष बंद केली. "हे घ्या. इस्त्रीले कोन्ता मंत्र येते?" मग तिने समजावलं, "तोडलेलं पानही श्वास घेते. गुरुजीच्या पिशवीत हवा कोंडली, पानी साचलं, म्हणून सडलं. ह्या प्लास्टिकले डोळ्याले न दिसनारी भोकं हायेत. मोजकीच हवा आत-बाहेर होते. आतून लेप हाये, त्यानं थेंब धरत नाई. अन् एसीच्या गारव्यात पान हळू श्वास घेते, म्हणून टिकते. माझ्या सासऱ्याच्या नावानं टिकलं, तसं कोनाच्याई नावानं टिकन."

महाराजांना अचानक अकोटच्या भक्तांची आठवण झाली. गाडी निघाली, तेव्हा धुनी अजून धुमसत होती.

त्याच दुपारी योगेशने ऑटोत घालून आईला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, अंगठा कापावा लागला. सासूने आपल्या नावाची चिठ्ठी दिली तेव्हाच सगळं उधळून लावायला हवं होतं, या विचाराने रागिणी रडली.

वाचकहो, पान हिरवं राहिलं, तर एवढंच सिद्ध होतं की पान हिरवं राहिलं. माणूस बरा आहे का, हे माणसालाच तपासून कळतं. चमत्कार दाखवणाऱ्याला माणूस बरा झाल्याचं तपासून दाखवायला सांगा, आणि तोवर औषध सोडू नका. माझं राहू द्या. दवाखान्यात भेटायला आलेल्या बायकांना पार्बताबाईंनी पांघरूण बाजूला करून जे सांगितलं, ते ऐका:

"पान नोका पाहू व बायाहो. पाय पाहा."